बोटभर पुतळीवर उजेड कसा रंगवायचा

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टेबलाभोवती बसून खेळायचे काही खेळ असतात. त्यांत प्रत्येक जण एका काल्पनिक जगातलं पात्र घेतो. कोणी तलवारबाज होतो, कोणी जादूगार, कोणी डोंगरात राहणारा बुटका लोहार. समोर राक्षस असतात, ड्रॅगन असतात. फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. यातला सगळ्यात गाजलेला खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला. १९८३ साली ब्रिटनमध्ये 'वॉरहॅमर' आला. त्यात दोन सैन्यं समोरासमोर मांडून लढाई खेळतात. कोण कुठं उभं आहे हे कळावं म्हणून टेबलावर बोटभर उंचीच्या पुतळ्या ठेवतात. त्यांना मिनिएचर म्हणतात, बोलताना नुसतं 'मिनी'. या पुतळ्या बहुतेक वेळा कोऱ्या, करड्या रंगाच्या येतात. रंगवायच्या आपण. जगभर असे पुष्कळ लोक आहेत जे फासे क्वचितच हातात घेतात, पण पुतळ्या मात्र मन लावून रंगवतात. मी त्यांच्यातला.

मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. इथं खेळायला चार जण जमवणं जड जातं, रंगवायला मात्र एक टेबल आणि एक चांगला दिवा पुरतो. पुतळ्या मी नागपूरहून थ्रीडी प्रिंटरवर छापून मागवतो. रंग थोडे तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातून येतात, थोडे कुरिअरने. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल रंगवून पोरं घरोघरी फिरतात, पोळ्याला खऱ्या बैलांच्या शिंगांना रंग आणि बेगड लागतो, तेव्हा आकृतीवर रंग चढवण्याचं अप्रूप इथं कोणाला नवं नाही. नवी आहे ती पुतळीची उंची. आणि सगळी अडचण, सगळी मजा त्या उंचीतूनच निघते.

या छंदात शिकायची खरी गोष्ट माझ्या मते एकच आहे: पुतळीवर पडायला हवा तो उजेड आपल्या हाताने रंगवायचा. प्रायमर, वॉश, ड्रायब्रश, हायलाइट (अर्थ पुढे येतीलच) ही सगळी नावं त्या एका कामाचीच. हे डोक्यात बसलं की कुठलाही व्हिडिओ पाहताना तो माणूस काय करतोय आणि कशासाठी करतोय ते आपोआप कळायला लागतं.

थोडा हिशेब करू. बहुतेक पुतळ्या २८ किंवा ३२ मिलिमीटर मापाच्या असतात, आणि हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत १६८ सेंटिमीटर भरणारा उंच माणूस २८ मिलिमीटरचा केला, तर तो ६० पटींनी लहान झाला. त्याच्या अंगरख्याची ३ सेंटिमीटर खोल चुणी पुतळीवर अर्ध्या मिलिमीटरची राहिली. ३ सेंटिमीटर रुंदीचा डोळाही अर्ध्या मिलिमीटरचा. आता आपल्या नजरेची मर्यादा पाहा. चांगल्या डोळ्याला ६० सेंटिमीटरवरून, म्हणजे टेबलावर ठेवलेली वस्तू बसल्या जागेवरून पाहताना, मिलिमीटरच्या साधारण सहाव्या भागाहून बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. म्हणजे त्या चुणीत डोळ्याला फार तर तीन ठिपके सुटे दिसणार. खऱ्या कापडाच्या चुणीत उजेडापासून अंधारापर्यंत जी हळुवार उतरण असते, ती तीन ठिपक्यांत मावत नाही. सावली पुतळीवरही पडते, पण ती सगळी मिसळून एकच मधला रंग होऊन डोळ्यापर्यंत पोचते. म्हणून एका रंगात बुडवलेली पुतळी, कोरीव काम कितीही सुंदर असो, प्लॅस्टिकचा गोळा दिसते.

उपाय आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, कोणालाही ओळखीचा वाटेल. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. मागच्या रांगेत बसलेल्याला नटाचा चेहरा नखाएवढा दिसतो. म्हणून मेकअप करणारा भुवया जाड काढतो, गालाखाली गडद पट्टा मारतो, नाकाच्या दांड्यावर उजळ रंग ओढतो. विंगेत जवळून पाहिलं तर तो चेहरा भडक वाटतो; मागून पाहिलं तर तोच चेहरा रागावलेला, रडवेला, म्हातारा असा नीट वाचता येतो. पुतळीचंही तसंच. खोलगट भाग असतील त्याहून गडद करायचे, उंचवटे असतील त्याहून उजळ करायचे, आणि पुतळी हातभर लांब धरून पाहायची. नवखे लोक पुतळी डोळ्यांपासून चार बोटांवर धरून रंगवतात आणि तिथूनच पारखतात, म्हणून हात आखडतो आणि फरक पुरेसा पडत नाही. रंगवा जवळून, पारखा लांबून.

उजेड कुठून येतो हे मात्र आधी ठरवावं लागतं. सोपा आणि बहुतेक वेळा बरोबर पर्याय म्हणजे डोक्यावरचा सूर्य. आपल्याकडे त्याचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमारास कोणाला तरी अंगणात उभं करून पाहा. कपाळ, नाकाचा दांडा, गालफडं, खांदे, पायाचा चवडा उजळ. डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटीखालचा गळा, काखा, दुपट्ट्याच्या घडीचा आतला भाग गडद. हे दहा मिनिटं नीट पाहिलं तर अर्धा धडा तिथंच होतो.

रंगवणारे हा दुपारचा उजेड अगदी पहिल्या थरातच उतरवून घेतात. पुतळीला आधी सगळीकडून काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायचा. तो वाळला की फक्त वरून, तिरक्या हाताने, पांढरा किंवा फिका करडा प्रायमर हलकासा उडवायचा. जिथं जिथं वरून उजेड पडला असता तिथं पांढरे कण बसतात, आडोशाला काळं राहतं. याला झेनिथल प्रायमिंग म्हणतात. स्प्रे नसेल तर काळ्या पुतळीवर पांढऱ्या रंगाने ड्रायब्रश करूनही, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवूनही, जवळपास तोच परिणाम मिळतो. माझी पुतणी नववीत आहे. एवढंच झालेली, अजून एकही खरा रंग न लागलेली एक जादूगारीण तिनं उचलली, खिडकीशी नेली आणि म्हणाली, "काका, हे तं रंगवल्यासारखीच दिसते जी!" तिच्या नजरेला जे दिसलं ते खरंच होतं. आकार आधी उजेडानं कळतो, रंगानं मागाहून.

आता प्रायमर मुळात लागतोच का? पुतळी प्लॅस्टिकची असो, रेझिनची असो की धातूची, तिच्या गुळगुळीत अंगावर पाण्यातला रंग पसरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतो, आणि वाळल्यावर नखानं निघतो. प्रायमर पृष्ठाला घट्ट धरतो आणि वरच्या रंगाला पकड देतो. आठवडी बाजारात मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई आणि जनावरं बहुधा पॉलिथिनची असतात. त्यांच्यावर प्रायमरही नीट धरत नाही, आणि थोडं वाकवलं की रंगाची सालं निघतात. सरावासाठी घ्यायचंच असेल तर कडक प्लॅस्टिकचं काही घ्या. बुद्धिबळाच्या जुन्या सोंगट्या त्या शिपायांपेक्षा बऱ्या.

प्रायमरच्या आधीची तयारी थोडक्यात. पुतळी कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलेलं असतं. साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ असेल ती ब्लेडच्या पाठीने खरवडायची. छापलेल्या रेझिनच्या पुतळीवर आधाराच्या काड्यांचे टोचे असतात. ते घासताना पुतळी ओली ठेवायची आणि तोंडाला मास्क लावायचा, रेझिनची भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही. पुतळी हाताला चिकट लागत असेल तर रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही. हातमोज्याशिवाय तिला हात लावू नका. जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसं असू शकतं, म्हणून त्या हाताळल्यावर हात धुवायचे आणि लहान मुलांपासून त्या लांब ठेवायच्या. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय पुष्कळांना असते. ती लावून घेऊ नका.

इथून पुढे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण हवामानाबद्दलचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांनी दिलेले असतात आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे चालत नाहीत.

मिनी रंगवायला वापरतात ते रंग अ‍ॅक्रेलिक असतात. रंगाची बारीक पूड आणि अ‍ॅक्रेलिक राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की राळेचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. म्हणूनच एका थरावर दुसरा ओला थर देता येतो. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने परत सुटतो, तो या कामाचा नाही. आता सगळा खेळ त्या पाण्याच्या उडण्यावर आहे, आणि मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. पॅलेटवर टाकलेला थेंब ब्रश भिजवेपर्यंत घट्ट होतो. घट्ट रंग पुतळीवर लावला की बारीक कोरीव काम भरून जातं, आणि एकदा बुजलेली चुणी मग कितीही हायलाइट केली, म्हणजे उजळली, तरी परत येत नाही.

यावर सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे ओला पॅलेट. विकत घ्यायची गरज नाही. झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाशी भांडी पुसायचा पातळ स्पंज किंवा सुती कापडाची घडी ठेवा, ती पाण्याने भिजवा, वर केक भाजताना वापरतात तो बेकिंगचा कागद अंथरा. रंग त्या कागदावर घ्यायचा. खालचं पाणी कागदातून हळूहळू झिरपतं आणि रंगातून उडालेल्या पाण्याची जागा घेतं. उन्हाळ्यातही रंग तासन्‌तास कामाचा राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा. उन्हाळ्यात डबा दोन-चार दिवसांत वास मारायला लागतो, म्हणून पाणी बदलत राहायचं. तळाशी तांब्याच्या तारेचा तुकडा टाकला तर बुरशी कमी धरते.

पंखा बंद ठेवा. अंगावर येणारा वारा रंगातलं पाणी सगळ्यात आधी पळवतो. कूलर मात्र इथं मित्र आहे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा खोलीतला कोरडेपणा मोडते आणि रंगाला दोन श्वास जास्त मिळतात. फक्त टेबल त्याच्या थेट झोतात नको. त्यानेही भागलं नाही तर चित्रकलेच्या दुकानात रिटार्डर मिळतो, तो रंग उशिरा वाळवतो. थेंबभरच घालायचा, जास्त झाला तर रंग चिकट राहतो.

रंग किती पातळ करायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. माझी परीक्षा अंगठ्यावर असते. डाव्या अंगठ्याच्या पोटावर एक फटकारा मारायचा. खालच्या रेषा पार बुजल्या तर रंग घट्ट आहे. रंग पळून रेषांच्या खोबणीत शिरला आणि उंचवट्यांवर काहीच राहिलं नाही तर तो फार पातळ आहे. रंग सगळीकडे बसला, तरी रेषा दिसताहेत, असं झालं की पुतळीकडे वळायचं. असे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले. पहिला थर डागाळलेला दिसणारच, त्यानं घाबरून वरून रंग थापू नका.

रंगात घालायच्या पाण्याकडेही लक्ष द्यावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, विहिरीबोअरचं पाणी खारट असतं. असं पाणी वॉशमध्ये, म्हणजे सावलीसाठी सोडायच्या पातळ रंगात, वापरलं की ते वाळल्यावर खोलगट भागात मिठाचं पांढुरकं पुट राहतं, आणि काळ्या सावलीच्या जागी भुरकट रेघ दिसते. दर्यापूरकडचा माझा मावसभाऊ रंगासाठी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणतो. एक बाटली पुष्कळ दिवस जाते. ब्रश धुवायला साधं पाणी चालतं.

स्प्रेचं गणित वेगळं. डब्यातून निघालेले थेंब पुतळीवर ओले पोचले पाहिजेत, म्हणजे ते पसरून सपाट थर होतो. रखरखत्या दुपारी ते हवेतच अर्धे वाळतात आणि पुतळीवर रवाळ कण होऊन बसतात. हाताला पॉलिश पेपर लागावा तसं अंग होतं आणि ते पुसून निघत नाही. पावसाळ्यात उलट बिघाड. स्प्रेमधलं द्रावक भराभर उडताना पृष्ठ थंड करतं, त्या थंड अंगावर हवेतली वाफ जमते आणि थर पांढुरका, धुरकट होतो. व्हार्निशच्या बाबतीत हे जास्त जीवाला लागतं, कारण सगळं काम संपल्यावर शेवटच्या हाताला पुतळीवर ढग येतो. म्हणून उन्हाळ्यात स्प्रे पहाटे, ऊन चढायच्या आत. पावसाळ्यात चांगली उघडीप मिळाली तर ठीक, नाहीतर प्रायमर आणि व्हार्निश दोन्ही ब्रशने लावायचे मिळतात, ते वापरा. स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, आखूड फटकाऱ्यांत, मोकळ्या हवेत आणि मास्क लावून. डबा नवा असेल तर आधी फ्रेमच्या, म्हणजे पुतळीचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडून येतात तिच्या, उरलेल्या तुकड्यावर मारून बघा, काही द्रावकं प्लॅस्टिक खातात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: स्प्रेचा डबा टिनाच्या शेडखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं त्यावर छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही.

सुपरग्लूचंही हवेशी नातं आहे. तो हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. कोरड्या उन्हाळ्यात जोड धरायला वेळ घेतो, श्रावणात बोटं आधी चिकटतात.

वॉश म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो पुतळीवर सोडला की आपोआप खोलगट भागात उतरतो आणि तिथं सावली तयार होते. नवख्या माणसाला या पायरीला सगळ्यात जास्त आनंद होतो, कारण पाच मिनिटांत पुतळी जिवंत दिसायला लागते. पण उन्हाळ्यात इथं एक नेहमीची खोड दिसते. थेंबाची कड मधल्या भागाआधी वाळते. कडेला उडणाऱ्या पाण्याची भरपाई करायला आतलं पाणी तिकडे धावतं आणि जाताना रंगाची पूड घेऊन जातं. परिणामी सपाट जागेवर, म्हणजे झग्याच्या पाठीवर किंवा ढालीवर, गडद कड असलेला डाग उमटतो. म्हणून वॉश सगळीकडे बदाबदा ओतू नका. जिथं सावली हवी तिथंच सोडा, आणि जिथं डबकं साचेल तिथं स्वच्छ, ओलसर ब्रश टेकवा. तो जास्तीचा रंग ओढून घेतो. २०१९ पासून बाजारात आलेले काँट्रास्ट पद्धतीचे रंग याच तत्त्वावर चालतात. एकाच थरात उंचवट्यावर फिका, खोलगटात गडद. झेनिथल प्रायमरवर ते फार सुंदर बसतात.

वॉश वाळल्यावर उंचवटे परत उजळायचे. ड्रायब्रशसाठी जुना, फिसकटलेला ब्रश घ्यायचा, रंगात बुडवून कापडावर इतका पुसायचा की काही उरलं नाही असं वाटावं, मग उंचवट्यांवरून हलके फिरवायचा. केस, लोकर, दगड, साखळीचं चिलखत यांना हे उत्तम. कापड आणि कातडी यांना मात्र हळूहळू फिके होत जाणारे पातळ थर द्यावेत, ते काम सावकाशीचं आहे. ब्रशबद्दल एवढंच: ० किंवा १ नंबरचा, टोक चांगलं असलेला सिंथेटिक ब्रश घ्या. तीन शून्यांच्या केसाएवढ्या ब्रशच्या मोहात पडू नका, त्याच्या पोटात रंगच मावत नाही आणि आपल्या हवेत तो टोकावरच वाळतो. कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा आहे, आणि त्या ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात.

रंग उजळ करायचा म्हणजे त्यात पांढरा घालायचा, गडद करायचा म्हणजे काळा, अशी समजूत असते. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो. म्हणून लाल झग्याची उजळ कड नारिंगीकडे न्यायची आणि सावली जांभळट मरून रंगाकडे. पिवळ्याला काळ्याने गडद केलं तर तो शेवाळी हिरवट दिसतो. त्याची सावली गेरूच्या किंवा तपकिरी रंगाने द्यावी. पांढऱ्या कपड्याचा बहुतेक भाग फिका करडा असतो, निव्वळ पांढरा फक्त कडेवर. काळ्या कपड्याचं तसंच, त्याच्या कडा करड्या-निळ्या.

कातडीच्या रंगाविषयी माझं ठाम मत आहे. बाटल्यांवर 'फ्लेश' असं लिहिलेला रंग बहुधा गोऱ्या युरोपीय माणसाचा असतो आणि बहुतेक व्हिडिओही तोच रंगवतात. काल्पनिक जगातली माणसं आपल्यासारखी सावळी का नसावीत? माझ्या टेबलावर ती असतात. बर्न्ट सिएना आणि थोडा गडद तपकिरी असा पाया घेतो. सावलीसाठी त्यातच जांभळट मरून मिसळतो. गालफडं, नाक, कपाळ यांवर यलो ऑकर मिसळलेला फिका थर देतो. पांढरा इथं जपून, कारण सावळ्या कातडीत पांढरा पडला की ती राखाडी, आजारी दिसते. सावळ्या चेहऱ्यावर उन्हाची चकाकी लहान आणि ठळक असते. उन्हात धानाची रोवणी करणाऱ्या बाईच्या कपाळाकडे, खांद्याकडे पाहा, घामावर आभाळाचा निळसर उजेड चमकतो. म्हणून सगळ्यात शेवटी नाकाच्या शेंड्यावर आणि गालफडावर फिक्या, किंचित निळसर रंगाचा एकेक ठिपका ठेवतो. तो ठिपका ठेवल्यावर चेहरा पुढे येतो.

डोळे हा सगळ्यांच्या भीतीचा विषय. आमच्या गावचे मूर्तिकारदादा गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात. "डोळे आखले की मंग मूर्तीले हात लावाचा नाही," असं ते म्हणतात. पुतळीत मी क्रम उलटा ठेवतो: डोळे आधी, मग भोवतीची कातडी रंगवत आत यायचं, म्हणजे बाहेर गेलेला रंग झाकता येतो. आधी खोबणीत गडद तपकिरी, त्यावर फिका करडा, मग मधोमध काळी उभी रेघ. ठिपक्यापेक्षा उभी रेघ बरी, कारण ठिपक्याने डोळे वटारल्यासारखे होतात. आणि वरचा हिशेब आठवा: अर्ध्या मिलिमीटरचा डोळा हातभर अंतरावरून जेमतेम दिसतो. भुवईखाली नुसती गडद रेघ ठेवली तरी चेहरा पूर्ण वाटतो, आणि शिरस्त्राण घातलेल्या पात्राला मी तेवढंच करतो.

धातूसाठी चमकी असलेले रंग मिळतात, ते सोपे. अवघड पण मोहक पद्धत म्हणजे साध्या रंगांनी धातू भासवणं. त्यासाठी स्टीलचा तांब्या अंगणात ठेवून निरखा. त्याच्यावर राखाडी रंग फारसा नसतोच. वर आभाळाचा फिका पट्टा, मध्ये क्षितिजाची जवळजवळ काळी रेघ, खाली जमिनीचा तांबूस रंग, आणि एका जागी सूर्याचा पांढरा ठिपका. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद अगदी शेजारी शेजारी असतात, म्हणून डोळा त्याला धातू म्हणतो. तलवारीवर हेच करायचं.

राहिला बेस, म्हणजे पुतळी ज्या गोल चकतीवर उभी असते ती. इथं विदेशी सामान मागवायची काहीच गरज नाही. मावसभाऊ येतो तेव्हा मी त्याच्याकडून मूठभर काळी माती मागवतो. कपाशीची ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. भेगांचं माप थराच्या जाडीवर ठरतं: शेतात थर खोल म्हणून भेगा पाय जाईल एवढ्या, तर चकतीवर दोन मिलिमीटरचा थर दिला की भेगा पुतळीच्या मापाला शोभतील एवढ्या बारीक आणि जवळजवळ पडतात. माती आधी चाळून तव्यावर चांगली भाजायची, म्हणजे किडा-बुरशी राहत नाही. गार झाली की पाण्यात कालवून, अगदी थोडा फेविकॉल घालून, चकतीवर सारवायची. फेविकॉल जास्त झाला तर भेगा पडतच नाहीत. सावलीत वाळू द्यायची. मग वरून पातळ फेविकॉलचं पाणी ड्रॉपरने सोडायचं, म्हणजे माती निसटत नाही. वाळल्यावर काळ्या-तपकिरी वॉशने भेगा गडद करायच्या आणि वरून मातकट करड्या रंगाचा ड्रायब्रश. मातीचा स्वतःचा रंग पुरेल असं वाटतं, पण तीही न रंगवता एकसुरी दिसते, कारण भेगांतली सावलीसुद्धा या मापात हरवते. एखाद्या कोपऱ्यात मुरमाचे दोन खडे आणि नारळाच्या काथ्याचं वाळकं गवत लावलं की जमीन पुरी झाली.

चकतीची कड शेवटी सरळ काळी किंवा तपकिरी करून टाका. खेळताना पुतळी उचलायला बोटं तिथंच लागतात, म्हणून त्या कडेला व्हार्निशचे दोन हात जास्त द्या, आणि पावसाळा लागायच्या आत पुतळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवा.